मुंग्या थांबल्या म्हणजे पाय बरा झाला का?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: वय ५६. अकरा वर्षं मधुमेह, गोळ्या चालू. चार वर्षांपूर्वी दोन्ही तळपायांना मुंग्या यायला लागल्या, रात्री तळव्यांची आग व्हायची. "गेलं वर्षभर तो त्रास आपोआप कमी झालाय. आता नुसतं गादीवर चालल्यासारखं वाटतं." सहा महिन्यांपासून उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं पहाटे बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं. डॉक्टरांनी एनसीव्ही, म्हणजे मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, लिहून दिली आहे. यजमान वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेत आणि शॉक देऊन तपासतात हे कळल्यापासून त्यांचा ठाम नकार आहे. "जन्मभर लोकांना करंटपासून लांब ठेवलं, आता बायकोला लावू देऊ?" शिवाय वायर खराब झाली की बदलतात, तपासून काय मिळणार, हा त्यांचा दुसरा मुद्दा. मधल्या काळात तालुक्याच्या प्रदर्शनात पायांतून सौम्य करंट सोडून "नसा चार्ज करणारं" चौदा हजारांचं मशीन पाहिलं, पाचशे रुपये देऊन बुक केलं. ते सेलवर चालतं, म्हणून यजमानांची त्याला हरकत नाही. तर, तपासणी करावी की मशीन घ्यावं? "ता. क. गेल्या आठवड्यात पाय शेकायला गरम पाण्यात ठेवले होते. नंतर अंगठ्याला फोड दिसला. दुखत नाही, त्यामुळे काळजीचं कारण नसावं."

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क.पाशी अडखळले. तपासणी की मशीन हे नंतर बघू. हा अंक हातात पडेपर्यंत तो फोड कुणाला दाखवला नसेल, तर आज दाखवा. एनसीव्हीची तारीख मिळेल तेव्हा मिळू दे, फोड थांबणार नाही. तो फोडायचा नाही, त्यावर हळद-तेल काही लावायचं नाही, कोरडा आणि स्वच्छ झाकून डॉक्टरांकडे जायचं. मधुमेहात पायाच्या मोठ्या जखमांची सुरुवात पुष्कळदा अशाच न दुखणाऱ्या जखमेने होते.

"दुखत नाही, त्यामुळे काळजी नसावी." या वाक्यात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि ती आपण सगळेच धरतो: शरीर तक्रार करत नाही म्हणजे सगळं ठीक. पण कातडी भाजून फोड येण्याइतकं पाणी गरम होतं आणि तुम्हाला ते कळलं नाही. बातमी अंगठ्यापाशीच राहिली, मेंदूपर्यंत आलीच नाही. मग वर्षभरात मुंग्या कमी झाल्या त्या पाय सुधारला म्हणून, की बातमी देणारेच कमी झाले म्हणून?

आता थोडं यजमानांशी बोलते, त्यांना वाचून दाखवा. शरीरातल्या विजेबद्दल तारेच्या भाषेत विचार करणारे ते एकटे नाहीत. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते आणि दर वर्षी निम्मा वर्ग हीच तार डोक्यात घेऊन यायचा.

साहेब, तुमच्या तारेत दाब मागून येतो. ट्रान्सफॉर्मरपासून लांब गेलं की व्होल्टेज पडतं. वस्तीच्या टोकाच्या घरात संध्याकाळी बल्ब कसा मिणमिणतो, हे तुम्ही खांबावर चढून पाहिलं आहे. आता ताईंच्या पायाच्या अंगठ्यापासून कण्यापर्यंत साधारण एक मीटर लांबीचा तंतू आहे, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्याला मागून दाब देणारा ट्रान्सफॉर्मर कुठेच नाही. तरीही अंगठ्याशी निघालेला संदेश कण्याशी पोचतो तेव्हा तसूभरही मिणमिणलेला नसतो. हे कसं जमतं?

मज्जातंतू म्हणजे खारट पाण्याने भरलेली नळी, आणि बाहेरही खारट पाणीच. मधे चरबीचा पडदा, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ. बाहेरच्या पाण्यात सोडियम जास्त, आतल्या पाण्यात पोटॅशियम जास्त. हा फरक आपोआप टिकत नाही. पडद्यात बसवलेले अगणित छोटे पंप रात्रंदिवस तीन सोडियम बाहेर फेकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. पोटॅशियमला मात्र पडद्यातून थोडं थोडं बाहेर झिरपता येतं, आणि जाताना ते आपला धन भार घेऊन जातं. त्यामुळे नळीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. घड्याळाच्या सेलचा विसावा हिस्सा. ऐकायला किरकोळ, पण पडद्याची जाडी लक्षात घ्या: सेंटिमीटरमागे हिशेब केला तर एक लाख व्होल्टच्या आसपास जातो. हवेत सेंटिमीटरला तीस हजार झाले की ठिणगी उडते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हा पडदा म्हणजे ताणून धरलेलं धनुष्य. त्यात सोडियमसाठी दारं आहेत, एरवी बंद. अंगठ्याला चटका बसला की तिथल्या टोकाशी ७०चा आकडा थोडा उतरतो. तो ५५च्या आसपास आला की दारं धाडकन उघडतात, सोडियम आत घुसतं आणि तेवढ्या जागेत आतली बाजू क्षणभर उलटी, म्हणजे धन होते. मिलिसेकंदभरात ती दारं मिटतात, पोटॅशियमची जास्तीची दारं उघडतात, पडदा परत मूळच्या ताणावर येतो. पण तेवढ्यात शेजारच्या पडद्याला धक्का लागलेला असतो, तिथली दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची.

फटाक्यांची लड आठवा. पहिला लवंगी फटाका जेवढ्या जोराने वाजतो तेवढ्याच जोराने शेवटचा वाजतो, कारण प्रत्येकाची दारू त्याच्याच पोटात असते. वाजून गेलेला लगेच पुन्हा वाजत नाही, म्हणून लड उलटी पेटत येत नाही. तंतूत फरक एवढाच की इथला फटाका काही मिलिसेकंदांत पुन्हा भरून तयार होतो. आणि अर्धा फटाका वाजत नसतो: दारं उघडली तर पूर्ण, नाही तर नाही. कोमट पाणी आणि कढत पाणी यांतला फरक मेंदूला कळतो तो सेकंदाला किती वेळा लड वाजली आणि किती तंतूंत वाजली, त्यावरून.

हे सगळं माणसाला कळलं ते एका समुद्री जिवामुळे, माकुळामुळे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना तो ताटातला ठाऊक असेल. माकुळाच्या एका जातीत अर्धा मिलिमीटर, कधी मिलिमीटरभर जाडीचा तंतू असतो, त्यात तार सरकवता येते. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९३९ साली तशी ती सरकवली. मधे महायुद्ध आलं, पण १९५२ साली त्यांनी सोडियम-पोटॅशियमचा पुरा हिशेब मांडला आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. (सोडियम म्हणजे मीठ, मग मीठ जास्त खाऊ का, असा प्रश्न नक्की येणार म्हणून सांगते: नाही. रक्तदाब तेवढा वाढेल.)

आता साहेबांच्या आवडीचा भाग, इन्सुलेशन. लड लहान लहान टप्प्यांनी पेटत जाणं हे हळू काम आहे, सेकंदाला मीटरभर. म्हणून आपल्या जलद तंतूंवर मायलिन नावाच्या चरबीचे वेढे असतात आणि दर मिलिमीटरभराने उघडी फट. संदेश एका फटीतून दुसऱ्या फटीत जणू उड्या मारत जातो आणि वेग सेकंदाला ५०, ८०, अगदी १०० मीटरपर्यंतही जातो. दोन्ही वेग तुम्ही अनुभवले आहेत. उंबऱ्याला ठेच लागते तेव्हा ठेच लागली हे त्याच क्षणी कळतं, पण ती डोळ्यांत पाणी आणणारी कळ थोडी मागून येते. "आई गं" त्या दुसऱ्या बातमीसाठी असतं. ती मायलिन नसलेल्या तंतूंतून पायी पायी येते.

तर ताई, मुंग्यांचं काय? मांडी घालून जेवायला बसल्यावर पाय मेला, की आधी बधिर होतो आणि उठल्यावर झिणझिण्या येतात. दाबामुळे रक्त कमी पडलेला तंतू सावरताना कुणी काही न लावताच लड वाजवतो, त्या झिणझिण्या. मधुमेहात तंतू दुखावतो तेव्हा तो असाच विनाकारण वाजत राहतो, त्यालाच आपण मुंग्या आणि आग म्हणतो. म्हणजे मुंग्या ही जिवंत तंतूची तक्रार असते. तंतू मेला की तक्रारही संपते. तुमच्या बाबतीत हेच झालं आहे असं मी इथून ठरवू शकत नाही. साखर नीट आटोक्यात आल्यावर काहींची आग खरंच कमी होते. पण गादीवर चालल्यासारखं वाटणं आणि न कळलेला फोड हे जोडीला असताना मी सुधारणेवर पैज लावणार नाही.

दोन्ही पायांतच का, आणि बोटांपासूनच का? त्या मीटरभर तंतूची मूळ पेशी कण्याला लागून असते. तंतूला लागणारी प्रथिनं तिथे तयार होतात आणि टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. काही माल दोन-तीन दिवसांत पोचतो, पण तंतूच्या सांगाड्याचा माल दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतो. अंगठा गाठायला दीड ते तीन वर्षं! वर वाढलेली साखर तंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही बिघडवते. कारणं आणखीही आहेत, पण सर्वांत लांबचा गडी आधी थकतो हे त्यांतून दिसतं. म्हणून बधिरपणा मोज्यासारखा बोटांपासून वर चढतो. तो गुडघ्याच्या जवळपास पोचेपर्यंत हातांची बोटं सहसा शाबूत असतात.

आणि इथेच तुमच्या उजव्या हाताचं कोडं आहे. एकच हात, अंगठा आणि शेजारची दोन बोटं, पहाटे, झटकल्यावर आराम. हे पायाच्या दुखण्याचं पुढचं पाऊल वाटत नाही. मनगटातल्या अरुंद बोगद्यात एक मज्जातंतू दबतो तेव्हा असं होतं. मधुमेहात हे जास्त दिसतं, आणि त्याचे उपाय वेगळे आहेत: रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, इंजेक्शन, वेळ पडली तर छोटी शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी एनसीव्ही लिहून दिली ती बहुधा हातासाठी. नुसत्या पायांसाठी दर वेळी ती लागतेच असं नाही. तरी "ही तपासणी कशासाठी, आणि निकालाने उपचारात काय बदलेल?" हे त्यांना विचारा. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

तपासणीत होतं काय? मनगटाशी कातडीवरून एक छोटा झटका देतात, सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताही न टिकणारा. अंगठ्याचा स्नायू उडतो, त्याची वेळ आणि जोर आलेखावर नोंदवतात. मग तोच झटका कोपराशी. दोन जागांमधलं अंतर २२ सेंटिमीटर आणि वेळेतला फरक ४ मिलिसेकंद असेल, तर वेग सेकंदाला ५५ मीटर. बस. ही वजाबाकी १८५० साली जर्मनीत हेल्महोल्ट्झने बेडकाच्या तंतूवर केली होती. तोवर हा वेग मोजण्यापलीकडचा आहे असं मोठमोठे शास्त्रज्ञ धरून चालले होते. आमच्या विद्यार्थिदशेत आम्हीही तीच केली. काजळी धरलेला ड्रम फिरायचा, सुई त्यावर पांढरी रेघ ओढायची, आणि तंतूला लांबून उत्तेजना दिली की रेघ किंचित उशिरा वर उठायची. दोन रेघांमधली ती फट बघून मला जे वाटलं होतं ते मी पुढे तीस वर्षं वर्गात सांगायचा प्रयत्न केला. काजळी मात्र नखांतून आठवडाभर जायची नाही.

साहेब, तुमचा मेगर आठवा. केबलच्या इन्सुलेशनला मेगर लावता, त्यात व्होल्टेज भरपूर असतं पण केबल काही जळत नाही, फक्त खरं सांगते. इथेही तसंच. वेग कमी आला तर मायलिनचं नुकसान किंवा तंतू दबलेला. वेग बरा पण आलेखाची उंची कमी, तर वेढे ठीक, तंतूच संख्येने घटलेत. बायकोला टिचक्या मारल्यासारखं वाटेल, पंधरा-वीस मिनिटं ते अर्धा तास कंटाळा येईल. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. सुई घालून स्नायू तपासणार असतील आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तेही सांगायचं. हाताला तेल-क्रीम नको, आणि थंडीच्या दिवसांत हात ऊबदार ठेवून जा. गार हातात ती दारं सावकाश उघडतात आणि चांगला तंतूही मंद दिसतो.

तपासणीची मर्यादाही सांगते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. आग आणि चटका सांगणारे जे बारीक, बिनमायलिनचे तंतू, ते एनसीव्हीत दिसत नाहीत. रिपोर्ट "नॉर्मल" आला तरी पाय खरा. त्या बारीक तंतूंसाठी डॉक्टर टाचणीची टोच आणि गरम-गार कळतं का ते बघतात. जाड तंतूंसाठी दोन साध्या तपासण्या डॉक्टरांच्या टेबलावरच होतात: टेकवल्यावर १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला लावून, डोळे मिटून "कळलं का?" विचारणं, आणि कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवणं. दर वर्षी हे व्हायला हवं. कुणी केलं नसेल तर मोजे काढून पाय पुढे करा.

"वायर खराब तर बदला", हा मुद्दा राहिला. वायर बदलत नाहीत, पण ती आपल्यापुरती जगवता येते. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. त्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती चेतातंतूंवर, पुष्कळदा मायलिनवरच उठते, माणूस काही दिवसांत पायांपासून लुळा पडतो. आणि मायलिन पुन्हा चढतं तसे बहुतेक जण चालायलाही लागतात. (म्हणूनच दिवसागणिक वर चढणारी अशक्तता असेल तर सल्ला सदराला पत्र लिहीत बसू नका, रुग्णालय गाठा.) मधुमेहात गेलेले तंतू असे सहज परतत नाहीत, पण उरलेले वाचवणं हातात असतं. तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब, तंबाखू-मिश्री असेल तर ती बंद. आणि बी-१२ तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं चालू असेल किंवा आहार शाकाहारी असेल तर ते कमी असू शकतं, आणि त्याने होणारं नुकसान वेळीच भरून काढता येतं. दुकानातून "नसांची गोळी" आणून खाण्यापेक्षा आकडा बघितलेला बरा. आग कमी करायला डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्या विनाकारण वाजणारी लड शांत करतात, तंतू दुरुस्त करत नाहीत. घ्यायला हरकत नाही, फक्त आराम पडला म्हणजे पाय सुधारला असं धरू नका.

मशीन. ज्या तंतूचा प्रत्येक कण स्वतःचा सेल स्वतः भरतो, रक्तातल्या साखरेवर आणि प्राणवायूवर, त्याला बाहेरून चार्ज कसं करणार? पंप चालायचा बंद झाला असेल तर तळव्याखालच्या दोन पट्ट्या तो सुरू करू शकत नाहीत. फिजिओथेरपीत वेदना कमी करायला करंट वापरतात, हे खरं. पण तुमची तक्रार आता वेदना नाहीच, बधिरपणा आहे. आणि ज्या पायाला गरम पाणी कळलं नाही त्याला मशीनचा चटका तरी कुठे कळणार? पाचशे रुपये परत मागा. नाही दिले तर जाऊ द्यात, साडेतेरा हजार वाचले.

त्याऐवजी रोज रात्री पाच मिनिटं पायाला द्या. चष्मा लावून, बोटांच्या बेचक्यांसकट पाय बघायचे. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवायचा. घरातही चप्पल, अगदी देवघरापर्यंत. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची. आत गेलेला खडा तुम्हाला दिवसभर कळणार नाही. टोकदार ॲक्युप्रेशरच्या चपला आणि शेकायची पिशवी कपाटात राहू द्या. नवरात्रात अनवाणी राहायचा नेम असेल, तर देवीशी बोलून घ्या. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी अनवाणी चालण्याऐवजी नऊ दिवस चहा सोडला, घरच्यांच्या मते ते जास्त अवघड होतं. पाय एका बाजूने लाल, गरम, सुजलेला दिसला, जखम ओली दिसली, बोट काळं पडलं, तर दुखो न दुखो, त्याच दिवशी डॉक्टर.

असंच पत्र आणखीही काही जणांनी पाठवलं आहे, त्यांतल्या एकाला मधुमेह नाही, पण दंडावर फिकट चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही. त्यांनी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. औषध फुकट मिळतं आणि आजार बरा होतो. लाजण्यात गेलेल्या महिन्यांत तंतू मात्र जातात.

आणि ताई, शेकणं आवडत असेल तर कोमट पाण्यात जरूर बसा, पण पाय शेवटी. बादलीत आधी यजमानांनी कोपर घालायचं आणि लाइन क्लिअर आहे असं सांगितल्याशिवाय तुम्ही पाय उचलायचा नाही. पस्तीस वर्षं खांबावर चढण्याआधी त्यांनी हेच केलंय.